चांगल्या वर्तणुकीची सून

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एका बाईंनी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अर्ज केला. प्रौढांचे स्वागत आहे, असे कॉलेजनेच जाहीर केले होते आणि बाईंनी ते खरे मानले.

"वर्तणुकीचा दाखला?" कारकुनाने विचारले.

बाईंनी शाळेचा दिला.

"हा शाळा सुटेपर्यंतचा. पुढे तुम्ही कशा वागलात, ते आम्हाला कसं कळायचं? नंतर ज्या संस्थेत होतात, तिथला आणा."

"नंतर मी सासरी होते."

"मग तिथल्या प्रमुखांचा आणा."

प्रमुख म्हणजे सासूबाई. एखाद्या कार्यालयाने आपले मत मागवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यांनी काम जबाबदारीने हाती घेतले. बाहेरच्या खोलीत टेबल मांडले. नणंदेकडून लेखी हरकती मागवल्या. नवऱ्याचीही साक्ष झाली. आईला दुखवायचे नाही आणि बायकोलाही नाही, असे ठरवून त्याने फक्त चहा मागितला. तो साक्षीदाराच्या बायकोनेच केला.

सूनबाई धास्तावल्या होत्या. शिकायची इच्छा इतकी वर्षे मनात दाबून ठेवलेली, ती आता एका सहीवर येऊन अडली होती. महिनाभर त्यांनी कुणाचाही शब्द खाली पडू दिला नाही.

अखेर सासूबाई विरघळल्या. "घे. अजिबात हात राखून लिहिलेलं नाही."

दाखल्यात लिहिले होते, 'हिच्यावाचून आमच्या घरातलं पान हलत नाही. माझं औषधपाणी, मुलांचे डबे, आलंगेलं, सगळं ही एकटी बघते. दमले असं कधी म्हणाली नाही.' वाचताना सूनबाई रडल्या. इतक्या वर्षांत असे कुणी तोंडाने म्हटले नव्हते.

प्रवेश समितीलाही गहिवरून आले. प्राचार्यांनी दाखला मोठ्याने वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला वर्गात बसवून आम्ही एक चालतं घर बंद पाडायचं? एवढे निर्दय आम्ही नाही."

अर्ज एकमताने आणि आदरपूर्वक फेटाळण्यात आला.

"आणि मी वाईट वागले असते तर?" बाहेर आल्यावर बाईंनी कारकुनाला विचारले.

"तर दाखल्याअभावी फेटाळला असता."

ही हकीकत वाचून तुम्हाला हळहळ वाटली असेल. आज जेवताना घरात सगळ्यांना अवश्य सांगा. वाढणारी वाढता वाढता ऐकेल.