धन्याचा नाडा कुणी बांधला?

"पान बत्तीसला हाड मोडलं! अन् पान सदतीसला हेच पोरगं इहिरीत सूर मारायलंय! मधी पाच पानं, सर! पाच पानांत हाड जुळतं व्हय?"

लातूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात मन्मथअप्पा माझ्यावर ओरडत होते. हातात माझीच किशोर कादंबरी. त्या आवाजानं रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा निखळलेला खांदा आपोआप जागेवर बसला. खोटं वाटत असेल तर म्हाताऱ्याला विचारा.

मी शाळामास्तर, गुडघा दाखवायला गेलेलो. अप्पा तिथं प्लास्टर घालतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोटांवर पांढरी पुटं, आणि भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. त्यांनी आजवर घातलेल्या प्लास्टरात विष्णुपुरीला दुसरं धरण उभं राहिलं असतं. तोंडात कायम दोनच शब्द: सहा हप्ते. लोणचं कधी मुरेल? सहा हप्ते. नवी सून कधी रुळेल? सहा हप्ते. गल्लीतला रस्ता कधी होईल? इथं मात्र अप्पा नुसते आभाळाकडं बघतात.

"अप्पा, गोष्ट पळती पाहिजे," मी म्हणालो.

"पळवा की! मग मोडायचं न्हाई. मोडलं तर सहा हप्ते भोगायचं. अन् मला सांगा, उजवा हात गळ्यात, तर ह्या धन्याचा नाडा कुणी बांधला?"

धन्या म्हणजे माझा शूर नायक. त्याच्या नाड्याचा विचार मी कधी केला नव्हता. मी हसलो. अप्पांनी दंडाला धरून मला आतल्या खोलीत नेलं.

बाकावर जळकोटची रेश्मा बसली होती. नववीतली, कबड्डी खेळणारी. हात सुजून भोपळा. प्लास्टरवाल्या पोरांना अप्पा पुस्तकं वाचायला देतात. हिला माझं दिलं होतं. बाराव्या दिवशी तिनं प्लास्टर बादलीत भिजवून सोलून काढलं होतं.

"धन्याला तर काई झालं न्हाई," ती म्हणाली. "म्हनलं, माझंबी जुळलं आसंल."

माझं हसू तिथंच जिरलं. हाड सरकलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा बसवलं, पण हात सरळ निघतो की वाकडा, ते सहा आठवड्यांनीच कळणार होतं.

तेवढे सहाही शनिवार अप्पांनी मला प्लास्टरच्या खोलीत स्टुलावर बसवलं. "बघा अन् लिवा." मी बघितलं. पोरं खाज सुटली की प्लास्टरात विणायची सुई घालतात. डाव्या हातानं जेवताना निम्मं वरण शर्टाला पाजतात. अप्पा प्रत्येकाला आधी विचारायचे, "घरी नाडा बांधायला कोन हाय?" पोरगं गप्प राहिलं, की ड्रॉवरमधून इलॅस्टिक काढून स्वतः चड्डीत ओवून द्यायचे.

मग धन्या बदलायला लागला. ज्या धाकट्या भावाला त्यानं एकतीस पानं "शेंबड्या" म्हणून छळलं, त्याच्याचपुढं तो नाड्याची दोन टोकं धरून उभा राहिला. शेंबड्यानं आधी सगळी उट्टी काढली, मग गाठ मारली. विहीर गेली थेट पान एकशेचारवर. आणि सूर मारण्याआधी धन्या भावाला म्हणाला, "तू येतोस का?" इतकी वर्षं लिहून हे वाक्य मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीचं कुणी कौतुक केलं, की मी आधी अप्पांचं नाव घेतो.

प्लास्टर कापायच्या दिवशी मी शाळा बुडवून गेलो. रेश्माचा हात सरळ निघाला! पोरीनं आनंदानं दुसऱ्या हातानं अप्पांच्या मनगटालाच कबड्डीची पकड घातली. बटण तुटलं, बाही वर गेली. आत कोपर विळ्यासारखं वाकडं.

"अप्पा, हे काय?" मी विचारलं.

"धाव्या वर्षी मोडलं व्हतं. पंधराव्या दिशी म्याच दगडानं प्लास्टर फोडलं."

"तुम्ही? का?"

अप्पांनी बाही खाली ओढली.

"नाडा बांधायला घरी कुणी न्हवतं."