नकाशात नसलेली बाग

"तुझी बाग नाहीये," मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवत सांगितलं.

मावशींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. शेताच्या बरोबर मधोमध, बुजवलेल्या विहिरीच्या जागी, बाग होती तिथेच होती. लिंबाचं झाड, लसणाचे वाफे, पुदिना आणि कुंपणावर चढून बसलेला गुलाब.

"मला तर दिसतेय," त्या म्हणाल्या.

"तुला दिसत असेल. ट्रॅक्टरला दिसत नाहीये."

मास्तर चित्रकलेचे शिक्षक. उभी नोकरी त्यांनी मुलांच्या वाकड्या रेषा खोडण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर शेतातल्या खोडायला घेतल्या. त्यासाठी आपोआप सरळ चालणारा ट्रॅक्टर आणला, तो एका कंपनीचा. पेरणीयंत्र स्वस्तात मिळालं, ते दुसऱ्या कंपनीचं. शेताचा नकाशा काढायचं सॉफ्टवेअर जावयांनी सुचवलं, ते तिसऱ्याच कंपनीचं. या तिघांचं आपसात व्याह्यांसारखं होतं. समोरासमोर गोडीगुलाबी, पण एकाचा निरोप दुसऱ्याकडे धड पोचेल तर शपथ.

जावयांनी नकाशात शेताची हद्द आखली होती आणि आत बागेची वेगळी हद्द आखून 'इथे पेरू नये' असं बजावलं होतं. ट्रॅक्टरने तो नकाशा घेताना बाहेरची हद्द घेतली, आतली गाळली. त्याच्या लेखी शेत आता या बांधापासून त्या बांधापर्यंत सलग होतं. मास्तरांना याचं फार वाईट वाटलं होतं असंही नाही. त्या बागेपाशी त्यांच्या प्रत्येक रेषेला वळसा घ्यावा लागे आणि हे दुःख ते वर्षानुवर्षं जेवताना बोलून दाखवत आले होते.

"नाहीतरी आता नकाशात नाहीच, तर..."

"तर काय?"

"लिंबं काय, बाजारातही मिळतात."

मावशींनी गॅस बंद केला. "अहो, ड्रायव्हरला सांगा, बाग आली की हाताने वळव म्हणावं."

"आज वळवेल गं. पण उद्या खत टाकणारं यंत्र, परवा फवारणीचं, सगळी याच रेषांवरून जाणार. दर वेळी कोण पहारा देणार?"

"म्हणजे आज वाचली तरी उद्या जाणारच."

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हणालात. मग तिला नकाशात घाला."

"वेळ लागतो त्याला! जमीन वाफशावर आलीय. ओल आहे तोवर पेरायला हवं. आज पेरून घेऊ, नकाशाचं नंतर बघू."

हे 'नंतर बघू' मावशींच्या जुन्या ओळखीचं होतं. न्हाणीघरातला गळका नळ, माळ्याची फळी, पोहायला शिकायची त्यांची हौस, सगळं त्याच्याखाली गाडलं गेलं होतं. त्यांनी काही वाद घातला नाही. डोक्याला रुमाल बांधला, एका हातात विणकामाची पिशवी आणि दुसऱ्या हातात खुर्ची घेतली आणि शेतात जाऊन बागेच्या पुढ्यात बसल्या.

टाके घालता घालता त्यांना या जमिनीवर आल्याचे दिवस आठवले. तेव्हा आसपास मिळून एकच ट्रॅक्टर होता. सीट एकाची, चाक दुसऱ्याचं, नांगर लोहाराने घडवलेला. एखादी वस्तू बसली नाही की दोन हातोडे घालायचे, तरी नाही बसली तर तारेने बांधायची. त्या काळी यंत्रं एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे त्यांचे रुसवेफुगवेही नसत.

समोरून ट्रॅक्टर सरळ येत होता. ड्रायव्हर मांडीवर हात ठेवून बसला होता, फोटो काढायला बसावं तसा.

"मावशी, उठा!" तो ओरडला.

"तू थांबव!"

"स्टिअरिंगला हात लावशील तर याद राख म्हणालेत मास्तर!"

"आणि ब्रेकला?"

"ते विचारायचं राहिलं!"

सुदैवाने ट्रॅक्टरला पुढचा माणूस ओळखता येत होता. त्याने मावशींना पाहिलं आणि तो आपणहून थांबला. पण आपण थांबलोय हे त्याने पेरणीयंत्राला सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते त्याला समजलं नाही. पेरणीयंत्राची समजूत अशी की आपण अजून दौडतोय. ते उभ्या जागी भसाभसा गहू ओतायला लागलं.

"बंद कर ते!" बांधावरून मास्तर ओरडले.

"करतोय हो! ऐकतच नाही! स्क्रीनवर म्हणतंय, पेरणी उत्तम चालू आहे!"

मास्तर धावत आले ते थेट ट्रॅक्टरमागच्या गव्हाच्या ढिगावर पाय पडून घसरले आणि धडपडत पुढे येऊन मावशींच्या खुर्चीपुढे बैठक मारूनच थांबले.

"एवढ्या लगबगीने तुम्ही माझ्याकडे शेवटचे कधी आला होतात हो?" मावशींनी टाका न चुकवता विचारलं.

शेवटी ड्रायव्हरने वायरच उपटली. मग फोन सुरू झाले. ट्रॅक्टरवाले म्हणाले, "बाग आमच्याकडे आलीच नाही." सॉफ्टवेअरवाले म्हणाले, "आमच्याकडून तर निघाली होती." पेरणीयंत्रवाले म्हणाले, "आम्ही फक्त दाणे टाकतो, साहेब."

"उठ आता," मास्तर काकुळतीला आले. "ओल जातेय."

"मला कुठे घाई आहे? हे स्वेटर मोठं आहे, बाह्या व्हायच्यात अजून. जावयांना सांगा, तिघांना एकदम फोनवर घ्या."

जावयांनी तिघांना जोडून दिलं. तिघेही एकमेकांशी इतकं गोड बोलले की ऐकणाऱ्याला लग्नाची बोलणी वाटावीत. मग ट्रॅक्टरवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, पेरणीयंत्र आणि सॉफ्टवेअर पण आमचंच असतं ना, तर हा प्रश्नच आला नसता."

"चप्पल तुमच्याकडून घेतली म्हणून पायही तुमच्याच दुकानातून घ्यायचे का?" मावशी म्हणाल्या. "ते काही नाही. माझी बाग तिघांच्याही नकाशात दिसल्याशिवाय मी उठणार नाही. पेरायचं असेल तर मला पेरा."

पलीकडे जावयांनी सॉफ्टवेअरमधली यादी उघडली.

"आई, एक मार्ग आहे," जावई चाचरत म्हणाले. "आतली हद्द पुढे जात नाही, पण अडथळा जातो. यादीत झाड आहे, खांब आहे, दगड आहे, विहीर आहे. बाग मात्र नाही."

"विहीर लिहा. होतीच इथे."

जावयांनी बागेच्या जागी विहीर लिहिली. विहिरीत कुणी पडू नये म्हणून सॉफ्टवेअरने तिच्याभोवती थोडी जागा सोडली आणि नकाशा पुढे पाठवला. ट्रॅक्टरला वाटलं, एवढी मोठी ती विहीरच. त्याने आपल्या पदरची आणखी जागा सोडली. पेरणीयंत्राने त्या सगळ्याला विहीर समजून आणखी मोठं रिंगण घातलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

ट्रॅक्टर निघाला आणि बागेच्या बराच अलीकडे वळला. पुढच्या फेरीला तसाच. दुपारपर्यंत पेरणी उरकली तेव्हा शेताच्या मधोमध मोठंच्या मोठं गोल रान मोकळं राहिलं होतं आणि त्यात जुनी बाग, परातीत ठेवलेल्या वाटीसारखी.

"एवढी जागा वाया!" मास्तरांनी कपाळाला हात लावला. "सरळ सरळ चूक आहे ही."

"तिघांच्या नकाशात आहे ना? मग झालं तर," म्हणत मावशी उठल्या आणि त्यांनी कुंपणाचा पहिला खांब उपटला. "धरा हे टोक. बाहेर न्यायचंय."

गहू वीतभर वर आला तोवर नव्या जागेत भोपळ्याचे वेल, झेंडू आणि डाळिंबाची दोन रोपं लागली होती. वाफे मावशींनी हट्टाने गोल करून घेतले. आखून अर्थात मास्तरांनी दिले, कुरकुरत, पण दोरी ताणून नीट.

आणि एके दिवशी फोन आला. ज्या तिघांची म्हणून चूक नव्हती, त्या तिघांनाही ती आता एकदमच सापडली होती. सगळ्यांच्या वतीने बोलणारा मुलगा फार अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमच्या शेताच्या मध्यावर आमची एक मोठी चूक राहून गेलीय."

"हो ना," मावशी ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, "आत्ताच पाणी घालून आले तिला."