लाल गाडीचं माहेरपण

श्रावण लागला की बार्शीत मोटरसायकलींना माहेरी पाठवतात. माहेर म्हणजे जिथून ती विकत घेतली ते दुकान. नागपंचमीच्या आत पोचवायची आणि पाचव्या दिवशी आणायची. ती स्वतःच्या चाकांवर जात नाही. लेकीला न्यायला मुराळी येतो, तिला एकटीला पायी लावून देत नाहीत, तसंच हे. गाडीला ट्रॉलीत चढवून नेतात. यात गावाला नवल वाटत नाही. नवल वाटायचं ते बावीस वर्षांत एकदाही गाडी न पाठवलेल्या माणसाचं, आणि तो माणूस म्हणजे मल्लिनाथ पांचाळ.

मल्लिनाथचं वेल्डिंगचं दुकान. फाटकं, ग्रिल, जिने. दुकानापुढे त्याची लाल गाडी उभी असायची, एक आरसा असलेली. ती कधी जाणार असं कुणी विचारलं की त्याच्याकडे उत्तर तयार असे. एका वर्षी खिडक्यांची ऑर्डर होती, एका वर्षी अधिक महिना आला, एका वर्षी त्याची पाठ धरली. खरं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती जिथून घेतली ते कुर्डुवाडीचं दुकान अकरा वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. मालक वारला, मुलं पुण्याला गेली, तिथं आता फरशीचं दुकान होतं. आधीचे अकरा श्रावण आळसात गेले, पुढचे अकरा हे गाडीला सांगायचं कसं या विचारात.

यंदा मात्र गाडी स्वस्थ बसेना. किल्ली न लावता थरथरायची. अंगणात पूर्वेला तोंड करून लावली तर सकाळी तोंड कुर्डुवाडीकडे. चौथ्या दिवशी ती फाटकाला जाऊन टेकलेली सापडली, पुढचं चाक फटीत घातलेलं.

मल्लिनाथची बायको इंदुमती हातातली परडी खाली ठेवून म्हणाली, "अहो, पाठवा आता तिला."

"पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी कोण राहतंय इथं? बेलिफांची गाडी बघितली ना? आपणहोऊन गेली ती गेलीच. पाठवलेली परत येते, गेलेली येत नाही."

हे खरं होतं. बेलिफ तीन महिने पायी कोर्टात जात होते. मल्लिनाथनं फाटकाला साखळी घातली. मग दिवसभर त्याचं कामात लक्ष लागेना. दर दहा मिनिटांनी उठून तो साखळी बघून यायचा, आणि प्रत्येक वेळी ती जरा जास्त ताणलेली दिसायची.

शेवटी त्यानं बँडवाल्यांची जुनी ट्रॉली आणली. ती आजवर वरातीमागून जनरेटर घेऊन चालत आलेली, त्यामुळे तिला घाई ठाऊक नव्हती. मल्लिनाथनं तळाला जाड पत्रा ठोकला, वर घसरू नये म्हणून रबर अंथरलं, चढवायला उतरती फळी केली, चार कोपऱ्यांना पट्टे ओवायच्या कड्या जोडल्या. पुढचं चाक घट्ट बसावं म्हणून नळ्या वाकवून खाच केली. काम देखणं झालं. फक्त खाच त्यानं ट्रॉलीच्या मागच्या टोकाला बसवली, गाडीचं तोंड मागं होईल अशी.

गाडी चढवून तो तपासणीला गेला. जीप शेजारी राहणाऱ्या पोपट खुणे याची, चालवायलाही तोच. अशा ट्रॉल्या तपासायला नाक्यावर कोळेकरबाई नावाच्या निरीक्षक बसत. त्यांनी पोपटला मैलभर जाऊन यायला सांगितलं. पोपट परत आला तो घाम पुसत.

"मल्लूशेठ, मागून कुणीतरी शेपूट धरून हलवतंय असं वाटतंय. तिसऱ्या गिअरलाच मला कुलदैवत आठवलं."

कोळेकरबाईंनी ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. "वजन आसाच्या मागं गेलंय. दहातले सहा हिस्से पुढं हवेत, हुकाच्या बाजूला. हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग तोंड मागं का?"

मल्लिनाथ नुसता नळीवरचा वेल्ड खरवडत राहिला.

"पांचाळ, माहेरी जाणारीचं तोंड पुढं असतं. कारण लिहावं लागेल मला."

"समोरचं दिसू नये म्हणून," मल्लिनाथ हळूच म्हणाला.

बाईंनी अर्ज पुन्हा उघडला. "माहेर हयात आहे काय, या रकान्यात तुम्ही 'होय' लिहिलंय."

"दुकान गेलं, बाई. अकरा वर्षं झाली. तिथं फरश्या विकतात."

आठ दिवस थरथरणारी गाडी त्या क्षणी थांबली. तेवढ्यात पोपटनं जीपचं इंजिन बंद केलं, आणि नाक्यावर आणखीच शांत झालं. मल्लिनाथला वाटलं, हिनं पुन्हा थरथरावं, हवं तर पट्टे तोडावेत.

"जागा आहे ना?" बाईंनी विचारलं.

"जागा आहे."

"मग 'होय' चालेल. पोच घेताना जागेवरच्या माणसाची सही मात्र हवी, भाऊ या नात्यानं. आणि खाच पुढं घ्या."

मल्लिनाथनं खाच कापून हुकाच्या बाजूला बसवली. हँडलपासून दोन पट्टे पुढच्या कड्यांना, मागून दोन मागच्या कड्यांना. पुढचे शॉकअब्सॉर्बर निम्मे दबतील इतकेच ओढले; पुरते दाबले तर त्यांचा जीव जातो आणि सैल सोडले तर खड्ड्यात पट्टा निसटतो. स्टँड वर घेतला. बांधलेल्या गाडीला स्टँडवर ठेवणं म्हणजे धरूनही ठेवायचं आणि टेकूही द्यायचा. एकावर तरी विश्वास ठेवावा. हे सगळं करताना तो गाडीशी बोलत होता, आणि गाडी ऐकत नव्हती.

सकाळी ओटीचं सामान घेऊन इंदुमती जीपमध्ये बसली. या खेपेला ट्रॉली तसूभर हलली नाही. मल्लिनाथ मात्र मान वळवून वळवून मागं बघत होता.

"समोर बघा," इंदुमती म्हणाली. "अकरा वर्षं मला नाही सांगितलंत ते."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"मला कळलं असतं."

फरशीचं दुकान फिरोज बागवान नावाच्या गृहस्थांचं. ते बाहेर आले, ट्रॉलीतल्या गाडीकडे त्यांनी निरखून पाहिलं.

"इथलीच?"

"इथलीच. बावीस वर्षांपूर्वी गेली."

"पहिल्यांदाच आली?"

मल्लिनाथनं मान खाली घातली. बागवानांनी आत हाक मारली, "अगं, पाणी आण. लेक आली आहे." त्यांच्या पत्नी साजिदाबाई तांब्या घेऊन आल्या, दोन्ही चाकांवर पाणी घातलं. इंदुमतीनं टाकीवर नारळ आणि तांदूळ ठेवले. बागवानांनी 'भाऊ' या शब्दापुढं सही केली. "वर्षाला एकदोन येतातच," ते म्हणाले. "दुकान कशाचं आहे ते त्या बघत नाहीत. उंबरा ओळखीचा लागतो."

पट्टे सुटले तशी गाडी फळीवरून एकटीच उतरली आणि आत गेली.

पुढचे पाच दिवस मल्लिनाथला फार लांब गेले. त्यानं एका जिन्याला दोन पायऱ्या जास्त लावल्या. अंगणात तेलाचा डाग होता, त्याच्याभोवती तो फिरत राहायचा. न धुतलेले महिने त्याला आठवत, गाडीवरून नेलेले सिमेंटचे कट्टे आठवत, फुटलेला दुसरा आरसा आठवे. परत यावं असं तिला काय दिलं होतं आपण, हे काही केल्या आठवेना.

पाचव्या दिवशी दोघं पोपटसह न्यायला गेले. गाडी फरश्यांच्या दोन थप्प्यांमध्ये उभी होती. धुतलेली. दोन्ही आरसे होते. मल्लिनाथनं तिला हलवून पाहिलं.

"हँडल लॉक आहे."

"तिनंच केलंय," बागवान म्हणाले. "अजून दोन दिवस राहते म्हणते."

"माझ्याकडे किल्ली आहे."

"आहे ना. पण बळजबरीनं नेलेली गाडी चढाला दम टाकते, तुम्हाला ठाऊक असेल."

इंदुमती एका थप्पीवर बसली. साजिदाबाईंनी तिच्या हातात चहाचा कप दिला, न विचारता. "मग मीही राहते," इंदुमती म्हणाली. "तिच्याजवळ घरचं कुणीतरी हवं."

"इथं? इथं तुझं कोण आहे?"

"तिचं तरी कोण होतं?"

मल्लिनाथ हिशेब करू लागला. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर इंदुमती माहेरी म्हणून कुठं गेली होती, कुणाकडे, किती दिवस? सासूबाईंच्या तेराव्यापर्यंत त्याला नीट आठवलं. पुढं काहीच नव्हतं.

"परवा याल ना न्यायला?" तिनं विचारलं.

"येतो."

"मग झालं."

पोपटनं परवान्याचा कागद उलटा करून वाचला. "मल्लूशेठ, कलम सात. ट्रॉली रिकामी परत नेऊ नये."

दुसरा इलाज नव्हता. मल्लिनाथ फळीवरून वर चढला आणि खाचेत पाय रोवून उभा राहिला, तोंड पुढं करून. पोपटनं खांद्यांवरून दोन पट्टे पुढं घेतले, कमरेवरून दोन मागं. "निम्मेच दाब," मल्लिनाथ म्हणाला. जीप निघाली. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या इंदुमतीकडे त्याला वळून बघायचं होतं, पण पट्टे चांगले बांधलेले होते.

नाक्यावर पोपटकडून सगळं ऐकत कोळेकरबाईंनी एकेक पट्टा ओढून पाहिला आणि डाव्या खांद्याचा एक घर सैल केला.

"काम उत्तम आहे. परवा दोघी येणार ना? गाडीशेजारी बसायची सोय लागेल. पाठ टेकायला पट्टी, समोर दांडी. आत्ताच नोंद करून घेते. त्यांची उंची?"

मल्लिनाथनं अख्ख्या बार्शीच्या खिडक्या नजरेनं मापल्या होत्या. त्यानं हात खांद्यापर्यंत नेला. मग जरा खाली घेतला. मग पुन्हा वर. पट्ट्यांमुळं हात फारसा हलत नव्हता.

बाई पेन धरून थांबल्या. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मग त्यांनी 'अंदाजे' असं लिहिलं आणि फाटक उघडलं.