बाईसाहेबांचा नेम आणि कारभाऱ्यांचा बत्तासा

श्रीगजाननाचे चरणी दूर्वा आणि कुलस्वामिनीचे चरणी हळदकुंकू वाहून, वडिलांचे मुखे ऐकिली तैसी हकीकत लिहिली असे. शके सोळाशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध एकादशीस, एका राज्याच्या धनीण दर्याबाईसाहेब यांनी चातुर्मासाचा नेम धरिला. आदले साली किल्ला गेला होता आणि दरबार सुतकी तोंडाने बसत होता, म्हणोन नेम ऐसा की, रोज उदास माणसे आपले खुशीने हसलेली पाहावी आणि मगच अन्न घ्यावे, हुकुमाचे हसू चालणार नाही. मग बाईसाहेबांनी चौकात खेळ मांडिले. कोणी तोंडात पाणी धरून सासऱ्याचे नाव घ्यावे, कोणी कपाळावर बत्तासा ठेवून हात न लाविता तोंडात आणावा. फौजदार मान वर करून सशासारखे तोंड हलवू लागले आणि रयत लोटली.

हौसा दासी शेजारणीस बोलिली, "अगं, उद्या यांचे भय कोण धरील?"

"भय सकाळी धरू गं. बत्तासा बघ, नाकावर आला!"

ऐसे हसू जाहले आणि बाईसाहेब सुखे जेवू लागल्या. परंतु गिरमाजीपंत कारभारी मोठे गंभीर. ते अर्ज करिते जाहले की, "खेळास शिस्त नाही. परमुलखीचा वकील पाहील तर काय म्हणेल?"

बाईसाहेब बोलिल्या, "शिस्त लावा पंत, पण माझे पान अडवू नका."

मग पंतांनी कायदे केले की, मानकऱ्यांनी आधी खेळावे, डावी भिवई प्रथम हालवावी, आणि ज्याचा जैसा हुद्दा त्याने तितकेच हसावे. शिपायांचे वाट्यास नुसते दात दाखविणे आले. मग कोण हसतो? त्या दिवशी बाईसाहेबांनी नैवेद्य दाखविला, पान झाकून ठेविले आणि तुळशीपाशी जाऊन बसल्या. दुसरे दिवशीही तैसेच जाहले, आणि बाईसाहेबांस उठता तोल जाऊ लागला. वैद्य बोलिले, "पोटात काही जावे." बाईसाहेब बोलिल्या, "हसू आले की जाईल."

पंतांस धास्ती पडली आणि ते हवालदारावर खेकसले, "अरे, ऐसे नव्हे, भिवई ऐसी!" ऐसे म्हणोन स्वतःच बत्तासा कपाळी ठेविला, तो ओल्या गंधात जो रुतला, तो हालेना. पंत भिवया उडविती, गाल फुगविती, परंतु बत्तासा जागचा जागी.

हौसा बोलिली, "पंत, राहू द्या तिथेच, शोभतो!"

मग चौक खदखदला, हुद्दा कोणास आठवला नाही, आणि बाईसाहेब जेवल्या. पंत मात्र रुसून घरी गेले आणि आरशापुढे अभ्यास करू लागले. कुटुंबाने पुसले, "इश्श! या वयात भिवया कोणास उडविता?" तरी पंत हटले नाहीत. दुसरे दिवशी चौकात येऊन त्यांनी बत्तासा एका झटक्यात तोंडात घेतला. सर्वांनी वाहवा केली, माना डोलाविल्या, परंतु हसले कोणी नाही. बाईसाहेबांनी पान झाकिले आणि उठताना खांब धरिला.

ते पाहोन पंत बोलिले, "आणखी एकवार." मग बत्तासा ठेविला, भिवई उडविली, आणि मान किंचित वाकडी केली. बत्तासा मिशीवर अडला, हनुवटीवरून घसरला, आणि अंगरख्याचे आत शिरला. मग पंत नाचू लागले, पगडी एकीकडे, उपरणे एकीकडे. हवालदार पोट धरून खाली बसला, आणि वैद्य डोळे पुसू लागले.

बाईसाहेब हसू आवरून बोलिल्या, "पंत, आज चुकलात?"

पंतांनी हात जोडिले. "चुकलो, बाईसाहेब. आता पानावर बसावे."

सारांश, शहाण्याने जिंकिले तर लोक माना डोलावितात, आणि शहाणा फजीत जाहला तर लोक पोटभर हसतात. किल्ला पुढे मिळाला की नाही, हे इतरांनी लिहावे. बाईसाहेबांचा नेम मात्र तडीस गेला. बहुत काय लिहिणे, पान वाढिले आहे.