पोकरच्या पुस्तकांची निवड समिती

आंतरखाते पोकर स्पर्धेत पाणीमापक तपासणी कार्यालय सलग चौथ्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाले, तेव्हा संचालकांनी पराभवाची कारणमीमांसा एका ओळीत केली : 'कर्मचाऱ्यांचे वाचन कमी पडते.' त्याच आदेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात पोकरच्या डावपेचांवरील पुस्तके निवडण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली होती. तिसऱ्या परिच्छेदात, पुढच्या स्पर्धेतही यश न आल्यास वाचनालयाच्या खोलीत नादुरुस्त मीटर ठेवावेत, अशी सूचना होती.

तिसरा परिच्छेद ग्रंथपाल बाईंनी तीनदा वाचला. एकोणीस वर्षं त्या याच खोलीत बसत होत्या. मीटरांशी त्यांचं वैर नव्हतं, पण त्यांना जागा करून देण्याइतकी मैत्रीही नव्हती.

बाईंनी जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता. त्यांचे सासरे मात्र चाळीस वर्षं खेळत होते.

"आबा, पोकरचं सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं?"

"सूनबाई, पोकर म्हणजे काय एकच खेळ आहे? एकात हातात दोन पानं, एकात चार, एकात सात आणि त्यातली चार उघडी. एकाचं पुस्तक वाचून दुसरा खेळायला बसलीस, तर कपडे धुवायच्या मशीनची माहितीपुस्तिका वाचून विमान उडवल्यासारखं होईल. आधी सांग, खेळ कोणता आणि खेळणारे किती ढ?"

"चार वर्षं पहिल्या फेरीत हरतायत."

"मग जाडजूड घेऊ नकोस."

समितीपुढे ठेवायला बाईंनी महिनाभर शोधाशोध करून चार पुस्तकं काढली. नवख्यांसाठी एक बारकं. दोन पानांच्या खेळासाठी, आपली पाळी कितवी आहे यावरून कसं खेळावं हे सांगणारं. चार पानांच्या खेळात सगळ्यांनाच आपला हात भारी वाटतो, तेव्हा भुलू नका, असं बजावणारं तिसरं. आणि सात पानांसाठी, समोरची उघडी पानं लक्षात कशी ठेवावीत याचं चौथं. चारही त्यांनी स्वतः वाचली. पुढच्या रविवारी आबा सलग तीन डाव हरले आणि संध्याकाळपर्यंत सुनेशी बोलले नाहीत.

समितीची पहिली बैठक झाली. अध्यक्षस्थानी उपसंचालक होते.

"चार पुस्तकं कशाला? सगळ्यांना चालेल असं एक नाही?" त्यांनी विचारलं.

"खेळ वेगवेगळे आहेत, साहेब."

कल्याण अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एका कर्मचाऱ्याला दोन पानं आणि दुसऱ्याला चार? उद्या संघटना आमच्या दारात बसेल. सरासरी काढा आणि तीन पानांवरचं पुस्तक आणा."

दक्षता अधिकाऱ्यांचा आक्षेप तात्त्विक होता. "प्रत्येक पुस्तकात 'हूल कशी द्यावी' असं एक प्रकरण आहे. कार्यालयीन वेळेत खोटेपणाचं प्रशिक्षण? ते प्रकरण फाडून मिळेल का?"

बाईंनी दुसऱ्या बैठकीत खुलासा दिला. त्या खुलाशावर खुलासा मागवण्यात आला. तिसऱ्या बैठकीपर्यंत स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती. दक्षता अधिकारी दोन पानांचं पुस्तक न उघडता म्हणाले, "हे मी वाचलंय. पहिली आवृत्ती सरस होती."

पुस्तकाची एकच आवृत्ती निघाली होती. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नजर भिंतीवर, बोटं पेनाच्या टोपणाशी. अशा माणसाचं काय करायचं, ते त्याच पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात दिलेलं होतं.

"मग 'पानामागचं पान' घेऊ या," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिन्ही खंड. संचालकसाहेबांच्या उशाशी असतं म्हणे."

तिन्ही माना डोलल्या.

"मी तेच सुचवणार होतो," उपसंचालक म्हणाले.

"हूल फार संयमाने हाताळली आहे त्यात," दक्षता अधिकारी म्हणाले.

"दुसरा खंड जरा जड जातो," कल्याण अधिकारी म्हणाले, "पण भाषा ओघवती."

ठराव चार मिनिटांत एकमताने मंजूर झाला. असं पुस्तकच नव्हतं.

बाईंचा हिशेब सरळ होता. पुरवठादार 'उपलब्ध नाही' असं कळवील आणि मग आपली चार पुस्तकं मागवता येतील. पण पुरवठादार खात्याचा जुना माणूस. 'शेवटचे साठ संच शिल्लक' असं कळवून त्याने ते आठवड्यात पोचवलेही. लाल बांधणी, सोनेरी अक्षरं, आत कोरे कागद.

बाई घाबरल्या. त्यांनी संचालकांना टिपण पाठवलं : 'तिन्ही खंडांची सर्व पाने कोरी आहेत.'

टिपण शेऱ्यासह परत आलं : 'ग्रंथ मी अनेकदा वाचला आहे. वाचकाने स्वतः विचार करावा, हाच लेखकाचा हेतू. नस्तीबंद करावे.'

साठही संच दोन दिवसांत वाचकांच्या घरी गेले. मीटर तपासनीस डब्याच्या सुट्टीत तिसऱ्या खंडावर वाद घालू लागले. लेखी परीक्षा झाली, तीत सगळे पहिल्या श्रेणीत आले. स्पर्धेच्या दिवशी संघाने लाल खंड टेबलावर मांडले, तसे प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे पडले. "यांनी हे वाचलंय," असं कुजबुजत त्यांनी चांगले चांगले हात टाकून दिले. चषक कार्यालयात आला.

वाचनालय वाचलं. दारावर 'पोकर ग्रंथ अभ्यास केंद्र' अशी पाटी लागली. बाईंना आनंद झाला, पण तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. त्यांनी आपल्या पदरची चार खरी पुस्तकं दर्शनी फळीवर ठेवली आणि वाट पाहिली.

आठ महिन्यांनी नवी टंकलेखिका आली. "बाई, मला खरंच खेळायला शिकायचंय. कोणतं पुस्तक घेऊ?"

 बाईंनी नवख्यांचं बारकं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तिने दोन-चार पानं उलटली आणि तिचं तोंड उतरलं.

"यात मजकूर आहे हो," ती म्हणाली, आणि लाल संच घेऊन गेली.

तुम्ही हसलात? छान. आता तुमच्या बैठकीच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असं मांडलेलं ते जाडजूड पुस्तक जरा खाली काढा आणि मधलं कोणतंही पान उघडून त्यावर काय लिहिलंय ते सांगा. नाही, आठवून नको. उघडून.