लेसोथोच्या बाजूनं

जामखेडात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लोक माझ्याकडे सातबारा मागतात, जातीचा दाखला मागतात. भानुदासकाका वर्षातून एकदा येतात आणि भूतान आणि लेसोथो मागतात.

पहिल्या वेळी मला ती औषधांची नावं वाटली. मग काकांनी समजावलं. एक देश हिमालयात, दुसरा आफ्रिकेत. दोन्ही लहान, डोंगराळ, दोघांच्या उशाला मोठाले शेजारी. त्यांचं दरडोई राष्ट्रीय उत्पन्न शोधायचं आणि एकाच कागदावर शेजारी शेजारी छापून द्यायचं. हेच दोन का, असं विचारलं तर म्हणाले, "ताई, कुस्ती वजन बघून लावत्यात."

काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जन्मभर डोकी मोजल्यामुळे असेल, पण 'दरडोई' हा शब्द त्यांच्या अंगात भिनलेला. कुणी मोठेपणा सांगू लागलं की काका हमखास म्हणणार, "आधी भागा, मग बोला." शेजारच्यांनी सहा खोल्यांचा बंगला बांधला. मुलं पुण्याला, घरात नवराबायको दोघंच. वास्तुशांतीला सगळे फरशीचं कौतुक करत होते, तर काका म्हणाले, दरडोई तीन खोल्या, आता एकमेकांना हाका मारायला फोन लागणार. माझ्या मुलीच्या बारशाला आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि आम्हा दोघांना गंभीरपणे सांगितलं की तुमचं दरडोई उत्पन्न आज एक तृतीयांशानं घटलं. मग खिशातून चांदीचा वाळा काढून म्हणाले, "पण डोई झकास हाय."

दरवर्षी भूतान पुढे असायचा आणि दरवर्षी काकांचा चेहरा पडायचा. लेसोथो जरा वर गेलेला असेल असा दुसरा तक्ता नाही का, म्हणून ते मला खोदून विचारत. एकदा मी देशांतर्गत उत्पन्नाचा तक्ता उघडला, तर तो त्यांना मुळीच चालेना. लेसोथोची माणसं शेजारच्या देशात खाणीत कामाला जातात, घरी पैसे धाडतात. त्या तक्त्यात ते धरत नाहीत, राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. "कामाला बाहेर गेलं म्हनून घरचं मानूस वजा करायचं व्हय?" काकांनी विचारलं. रांगेतली सातबारावाली मंडळी हसली. मी राष्ट्रीय उत्पन्न छापून दिलं.

यंदा काका आलेच नाहीत. दोन आठवडे वाट पाहिली आणि एका दुपारी मीच कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. काका तापानं अंथरुणावर पडून होते. खिडकीशी खाटेवर एक पांढऱ्या केसांच्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. ही काकांची थोरली बहीण, अक्का. मी नाव ऐकून होते, पाहिलं कधीच नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला कागद ओळखला.

"आमचं काय झालं औंदा?" त्यांनी विचारलं.

काका माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत राहिले, पण कागद अक्कांच्या हातात गेला होता. त्यांनी तो वाचला आणि हसल्या. "मी हरले की ह्याला जेवान जात न्हाई," म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. पाचवी पास झाल्या त्याच उन्हाळ्यात ताप आला आणि दोन्ही पाय गेले. धाकटा भानुदास शाळेतून आला की शिकलेलं सगळं त्यांच्याजवळ बसून परत म्हणायचा. एक दिवस त्यानं नकाशाचं पुस्तक पुढ्यात टाकून एक देश निवडायला सांगितलं. अक्कांनी लेसोथोवर बोट ठेवलं. "चारी अंगानं दुसऱ्याचाच मुलूख. म्हनलं, ह्यो आपल्यासारखा हाय." त्यानं मग स्वतःसाठी भूतान घेतला.

काकांनी लग्न का केलं नाही, तेही तेव्हा कळलं. स्थळं येत. मध्यस्थ सांगत, घरात मुलगा एकटाच आहे. काका म्हणत, दोघं आहोत. बोलणी तिथंच थांबत.

मी निघाले तेव्हा अक्कांनी थांबवलं. बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म माझ्याकडे भरून मिळतो का, असं त्यांनी विचारलं. काका उठून बसले. त्यांनाही हे नवीन होतं.

"लेसोथोचं मला काय वाढवता येत न्हाई," अक्का म्हणाल्या. "माझं तेवढं वाढवते."

फॉर्मला फोटो लागणार होता. मी मोबाईलवर इथंच काढते म्हणाले. अक्का नको म्हणाल्या, दुकानात येते म्हणाल्या.

काका बरे झाल्यावर त्यांनी कुठूनशी चाकाची खुर्ची आणली आणि अक्कांना घेऊन भर बाजारातून आले. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. अक्कांनी पदर सारखा केला. फॉर्मच्या फोटोत हसायचं नसतं, असं काका बजावत राहिले, आणि त्यामुळेच अक्कांना हसू आवरेना. तिसरा फोटोही हसराच आला. मी तोच चढवला आणि फॉर्म गेला.

काकांनी मी छापून दिलेले बाकीचे फोटो शर्टाच्या खिशात ठेवले आणि खुर्ची वळवली. घर डावीकडे होतं, ते उजवीकडे निघाले. मी हाक मारली.

"अक्काला स्टँड दाखवतो," काका मागं वळून म्हणाले. "पस्तीस वर्षं मी कुठं जात हुतो, तिनं बघितलंच न्हाई."