नथूकाकांनी कापलेला कोपरा

नथूकाकांनी मला फसवलं. मीटरभर म्हणून जे कापड त्यांनी माझ्या हातात ठेवलं, त्याचा एक कोपरा कापलेला होता. डोक्यावर गाठोडं घेऊन दारोदार फिरण्यापासून मी कुंभिवलीत हायवेला कटपीसचं दुकान उभं केलंय. बोटभर कापड कमी भरलं तरी गिरणीवाल्याला फोनवर घाम फोडते. त्या मला या माणसानं गंडवलं.

काका भिसेगावात माझ्या आईच्या शेजारी एकटेच राहतात. खालापूरकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा काही सुटली नाही. खिशात कायम वीज मोजायचं मीटर. समोरच्याच्या सदऱ्याला, पदराला त्याच्या दोन तारा टेकवायच्या आणि विचारायचं, "वाहतंय का?"

एका लग्नात त्यांनी माहेरच्या शालूच्या जरीला तारा टेकवल्या. मीटर कुईं करून ओरडलं. "खरी जर! वाहतंय!" नवरीची आई फुलून गेली. मग काकांनी सासरकडून आलेल्या शालूला टेकवल्या. मीटर गप्प. त्या दिवशी पंगत दोन तास उशिरा बसली.

पण जरीतून वीज नेणं कुणालाही जमतं. काकांना साध्या सुती कापडातून वीज न्यायची होती. अंगणात टब, टबात मासळीवालीकडचा बर्फ, बर्फात पातेलं, पातेल्यात औषधांचं पाणी आणि त्यात माझ्या दुकानातलं पांढरं पॉपलीन. कापडावर आधी निळसर झाक यायची, मग ते गर्द हिरवं व्हायचं. त्या हिरव्या लेपातून वीज वाहते म्हणे. वाहायची कधी, कधी नाही. बोंबलाचा वास मात्र दरवेळी यायचा. सात वर्षं हेच चाललं होतं.

शेवटी जमलं. आमच्याकडे रंगात मिसळायचं, चटकन पेट घेणारं थिनर बनवणारी एक कंपनी आहे. तिथं कामगाराच्या कपड्यात साचलेल्या विजेची ठिणगी उडाली तर भडकाच. काकांच्या कापडात वीज साचत नाही, निघून जाते. मी तिथल्या साहेबांची वेळ घेतली.

"सुमे," काका म्हणाले, "घेतलं त्यांनी, तर सात वर्षांचं चीज झालं. नाय घेतलं, तर टब पालथा घालतो."

माल नेहमी धुऊन, कडक इस्त्री करून दाखवावा, हा माझा धंद्याचा नियम. काकांनी दाखवायला दिलेला मीटरभर तुकडा मी त्यांना न विचारता लाँड्रीत टाकला आणि तिथून आली तशी पुडी न उघडता घेऊन गेले.

साहेबांच्या टेबलावर पुडी उघडली. कापड निळं. काकांनी बॅटरी जोडली, तारा टेकवल्या. दिवा लागेना.

"सुमे, साबण लावलास?"

"वास जात नव्हता, काका!"

साहेब घड्याळ बघायला लागले. काकांनी त्यांच्या जेवणाच्या ताटातली लिंबाची फोड सरळ उचलली आणि कापडावर पिळली. थेंब पडला तिथं हिरवं. मग दुसरी फोड, तिसरी. हिरवं पसरत गेलं आणि इवलासा लाल दिवा लागला.

"मेलं नव्हतं साहेब, साबणानं रुसलं होतं. आंबट दिलं की येतंय."

"म्हणजे दर धुण्याला बिघडणार?" साहेबांनी मान हलवली.

इथं मी उठले. "साहेब, तुमचे आताचे एप्रन निकामी झाले, तर तुम्हाला कळतं? नाही ना? हे कापड स्वतः सांगतं. हिरवं असेल तर घाला, निळं असेल तर आंबट पाण्यात बुडवा. वाचता न येणाऱ्यालाही कळेल."

साहेब हसले. शंभर एप्रनच्या कापडाची ऑर्डर! काका खुर्चीत बसूनच राहिले, डोळे पुसत. मी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की मीटर खाली पडलं.

आणि तेवढ्यात साहेबांनी तुकडा उलगडला. "बाई, याचा कोपरा कुठाय?" त्या कोपऱ्यापायी मला पाच मीटर कापड फुकट जादा कबूल करावं लागलं. मी लाँड्रीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो शपथेवर म्हणाला, आला तेव्हाच कापलेला होता.

रविवारी काकांना जाब विचारायला तणतणत भिसेगावला गेले. आधी आईकडे वळले, तर दार आतून बंद. आईला फोन लावला, सवयीनं. सहा महिने ती माझा फोन उचलत नव्हती आणि मी दर भेटीत तिच्यावर ओरडत होते. त्या दिवशी दुसऱ्याच घंटीला आवाज आला, "बोल गं."

दार उघडलं. आईच्या उजव्या हाताच्या बोटावर हिरवी टोपी होती, नीट शिवलेली.

"नथूभावजींनी दिली. भाताची लावणी करून करून माजी बोटं दगड झालीत. नव्या फोनच्या काचेला ती लागतच नव्हती. किती घासायची मी! आता लागतात."

"मला सांगायचंस ना!"

"तू ओरडशील म्हणून नाय सांगितलं. आता रोज सांजचा भावजींना पण फोन लावते. भिंतीपल्याड हायत, तरी लावते. त्यांची बोटं चालतात गं, पण त्यांचा फोन वाजवणारं हाय कोण?"

पलीकडून घंटा ऐकल्यासारखं काका भिंतीवरून डोकावले. "वाहतंय का?" त्यांनी आईला विचारलं. मला बघितलं आणि डोकं खाली घेतलं.

तेव्हापासून ते मला टाळतायत. म्हणून हे लिहिलं. नथूकाका, कोपऱ्याचं सोडा, पाच मीटरही सोडा. माझ्या आईला फोन घेता येत नाही, हे तुम्हाला भिंतीपलीकडून कळलं. मग मी सहा महिने तिच्यावर ओरडत होते, तेव्हा तुम्ही मला एका शब्दानं का नाही सांगितलं? याचा जाब मला पाहिजे. आणि तो फोन करून द्या. मी उचलेन.